सिनेटरचं तिरकं पान

एप्रिल लागला की माझ्या पोटात गोळा येतो. वय पन्नाशीकडे झुकलं, कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवायला लागून बावीस वर्षं झाली, परीक्षेच्या वेळी मी स्वतः पर्यवेक्षक म्हणून बाकांमधून फिरते, तरी येतोच. काजूच्या बोंडांचा तो आंबूस, घशात खवखवणारा वास खिडकीतून आत आला, की हात आपोआप पर्समध्ये जातो. हॉलतिकीट आहे ना? दोन पेनं? दुसरं चालतंय का? सहकारी चेष्टा करतात. "मॅडम, परीक्षा मुलांची आहे, तुम्ही पाणी प्या," म्हणतात. मी पाणी पिते. गोळा तिथेच असतो.

यंदा तो जरा मोठाच आहे, कारण गावाहून बाबांचा फोन आला. यंदाच्या जयंतीला आमच्या बौद्धवाडीची स्मरणिका निघणार आहे, रीतसर छापून, रंगीत मुखपृष्ठासकट. बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि फोनवर अजून मुंबईच्या गोदीत असल्यासारखे ओरडून बोलतात.

"बाय, तुज्या सिनेटरचा लेख तू लिवायचास. जन्मापासना मरनापरत सगळा. मी कमिटीला शब्द दिलाय."

"बाबा, पेपर तपासायचेत हो…"

"दोन पानां लिवायला कितीसा येळ लागतो? आन फोटो मिळला तर बग."

"बघते," मी म्हटलं. माझ्या 'बघते'चा अर्थ बाबा आयुष्यभर 'हो' असाच धरत आले आहेत. 

हा सिनेटर कोण, ते सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेतला एक राजकारणी. त्याचं नाव इथे देत नाही. आमच्या घरात ते नीट उच्चारणं कुणालाच जमलं नाही, त्यामुळे तो कायम 'तुजा सिनेटर'च राहिला, जसा एखाद्याचा जावई असतो. गरीब शेतकऱ्याचा मुलगा. शाळा दोन हिवाळ्यांपुरती. उसन्या पुस्तकांवर वकिली शिकला, आधी राज्याच्या विधिमंडळात गेला, मग वॉशिंग्टनला, आणि तीस वर्षं तिथे बसला. मोठा वक्ता. कुठलंही भांडण दोन्ही बाजूंना थोडं थोडं देऊन मिटवता येतं, असं मानणारा. गुलामगिरीच्या भांडणात तर असं मिटवण्याचं काम त्याने इतक्या वेळा केलं, की लोक त्याला त्यासाठीच बोलवायचे. एम.ए.च्या अमेरिकेच्या इतिहासाच्या पेपरात त्याच्यावर एक मोठा प्रश्न असायचा. तो एक वर्षाआड यायचा. आणि त्या वर्षी त्याचं वर्ष होतं.

ते वर्ष माझंही होतं. बी.एड. झालं होतं. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे आज आहे, उद्या सांगता येत नाही. जूनमध्ये तिथली कायम जागा भरायची होती आणि त्यासाठी एम.ए. द्वितीय श्रेणीत पूर्ण हवं होतं. माझा नेमका हाच एक पेपर राहिला होता. दोनदा नापास. जुना अभ्यासक्रम बंद होत होता, त्यामुळे तिसरी संधी ही शेवटची, आणि काठावर पास होऊनही भागणार नव्हतं. ही जागा गेली असती तर पुढची कधी निघेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्याबरोबरच्या तिघी अशाच वाट बघून शेवटी मुंबईला नातेवाइकांकडे निघून गेल्या होत्या, कुणी कुरिअरच्या ऑफिसात, कुणी दवाखान्याच्या काउंटरवर. मला त्या उन्हाळ्यात झोपेतसुद्धा कॉलेजचा जिना दिसायचा. चढत असायचे, वर्ग यायचा नाही.

आम्हां बहिःस्थ विद्यार्थ्यांचं सगळं काही त्याच त्या नोट्सवर चालायचं. फार पूर्वी कुण्या प्राध्यापकांनी त्या लिहिल्या होत्या. त्यांची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, असं करत करत त्या राजापूर-लांजा-संगमेश्वरात हातोहात फिरत. वरच्या वर्गातल्या मुलीने खालच्या मुलीला द्यायच्या, देताना कव्हरच्या आत आपलं नाव आणि मिळालेले गुण लिहायचे, ही रीत. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा आत अकरा नावं होती. ते सर पेपर तपासायलाही असतात, असं सगळे खात्रीने सांगायचे. म्हणून नोट्समधलं काही बदलायचं नाही, स्वल्पविरामसुद्धा.

त्यात सिनेटरची नऊ पानं होती. आठ पानं सरांच्या उभ्या, कोरीव अक्षरात, आणि सातवं पान मात्र वेगळ्या, डावीकडे कललेल्या अक्षरात. मूळ पान कधीतरी हरवलं असावं आणि कुणीतरी दुसरं लिहून घातलं असावं. आम्ही त्याला तिरकं पान म्हणायचो. सगळ्यांचं आवडतं पान तेच! पळून गेलेल्या गुलामांना पकडून मालकाच्या हवाली करण्याचा कायदा आला, तेव्हा हा सिनेटर भर सभागृहात उठला, म्हणाला की आजवर मी तडजोडी केल्या, ही करणार नाही, आणि राजीनामा देऊन घरी गेला. घरी जाऊन त्याने स्वतःकडचे सगळे गुलाम मोकळे केले. पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्याला पाडलं. हे पान पाठ करावं लागत नसे, ते पाठच व्हायचं.

त्या एप्रिलमध्ये मी अभ्यासाला गावी गेले होते. बाबा गोदीतून नुकतेच निवृत्त होऊन परतले होते. दुपारी कातळ असा तापायचा, की अंगणापलीकडे बघितलं तर डोळे मिटावे लागत. पडवीत मी मोठ्याने वाचायची आणि बाबा सुपात काजूच्या बिया निवडत ऐकायचे. जन्मभर अमेरिकेचे खोके पाठीवर वाहिले, पण तिथल्या माणसाची हकीकत पहिल्यांदाच ऐकत होते. तिरकं पान आलं तेव्हा त्यांचे हात थांबले.

"खुर्ची सोडलान?" त्यांनी विचारलं. "आपल्या हातानं?"

"हो."

"परत वाच."

मी परत वाचलं. दोन दिवसांनी जयंती होती. बाबांनी परस्पर जाऊन माझं भाषण ठरवून टाकलं. विहारापुढच्या मांडवात, निळ्या पताकांखाली, मी आयुष्यातलं पहिलं भाषण केलं ते या सिनेटरवर. आवाज थरथरत होता, पण तिरक्या पानाने मला तारलं. सातासमुद्रापार एका माणसाने आपल्यासारख्याच माणसांसाठी खुर्ची सोडली, असं म्हटल्यावर टाळ्या इतक्या वाजल्या की माइक शिट्टी मारायला लागला. बाबा पहिल्या ओळीत बसले होते. त्यांचा चेहरा मला आजही जसाच्या तसा आठवतो, आणि तो आठवला की मला बरं वाटत नाही.

भाषण संपल्यावर खिरीच्या रांगेत तानीकाकीने मला धरलं. तानीकाकी आमच्या शेजारच्या, नवरा लवकर गेलेला, जन्म दुसऱ्यांच्या भातशेतीत लावणी-कापणी करण्यात गेलेला.

"बोललीस बेस," त्या म्हणाल्या. "पन मला येक सांग. सोडलान म्हनतंस, तर मग ती मानसां गेली कुठं? त्यांना जमीन दिलान काय? त्यांची नावां काय हुती?"

मला माहीत नव्हतं. नोट्समध्ये नव्हतं.

"शोदून सांग हां," म्हणाल्या, आणि पत्रावळ घेऊन पुढे गेल्या.

परीक्षेला दहा दिवस राहिले होते. शहाण्या मुलीने प्रश्न सोडून दिला असता. पण माझा स्वभाव घाबरट, आणि घाबरट माणसाला अर्धवट माहिती फार छळते. समजा परीक्षकाने नेमकं हेच विचारलं तर? दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडून मी रत्नागिरीला आले आणि वाचनालय गाठलं. ग्रंथपालांनी बराच वेळ कपाटं धुंडाळून एक जाडजूड इंग्रजी चरित्र काढून दिलं. कुणा साहेबाच्या संग्रहातून आलेलं. त्याची पानं कडेला जोडलेलीच होती, म्हणजे छापल्यापासून ते कुणी उघडलंच नव्हतं. ग्रंथपालांनी मला एक लाकडी फूटपट्टी दिली.

"सांभाळून कापा," म्हणाले, "आणि कचरा पाडू नका."

खाडीवरून वारा येत होता, त्यात मिरकरवाड्याच्या सुक्या मासळीचा वास होता. मी एकेक पान कापत आणि शब्दकोश बघत सिनेटरच्या मागे जात होते. शेतकऱ्याचा मुलगा, बरोबर. वकिली, बरोबर. विधिमंडळ, वॉशिंग्टन, भाषणं, सगळं बरोबर. मग तो कायदा आला. मी फूटपट्टी घातली, पान कापलं.

मतदानाच्या दिवशी तो सभागृहात नव्हता. पोटात दुखतंय, अशी चिठ्ठी त्याने पाठवली होती. कायदा झाला. त्याने विरोध केला नाही, राजीनामा दिला नाही, पुढची निवडणूक आरामात जिंकला आणि म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात मेला. शेवटी त्याचं मृत्युपत्र छापलं होतं. थोरल्या मुलाला भिंतीवरचं घड्याळ, बैलजोडी आणि आयझॅक. मधल्या मुलीला चांदीचे चमचे, हॅना आणि हॅनाची लहान मुलगी. हॅनाच्या मुलीचं नाव नव्हतं. मी ती यादी तीनदा वाचली, मला वाटलं माझं इंग्रजी चुकतंय.

तिरकं पान कुठून आलं, तेही त्याच पुस्तकात सापडलं. सिनेटरच्याच राज्यात आणखी एक प्रतिनिधी होता. एकदाच निवडून आला. त्याने खरंच राजीनामा दिला, खरंच आपल्याकडची माणसं मोकळी केली, आणि लोकांनी खरंच त्याला पाडलं. त्यानंतर त्याचं काही झालं नाही. म्हणून तो अभ्यासक्रमात नव्हता. आमच्यातल्या कुणीतरी, हरवलेल्या पानाच्या जागी काय असावं ते शोधताना, दुसऱ्या कुठल्यातरी पुस्तकातून घाईघाईत त्याचं पान उतरवून घेतलं होतं. आणि आम्ही बारा जणींनी एका भल्या माणसाचं सगळं पुण्य दुसऱ्याच्या नावावर लिहून गुण मिळवले होते. म्हणजे अकरा जणींनी, माझी पाळी अजून यायची होती.

पुढचे नऊ दिवस कसे गेले, ते लिहायला नको. जेवण जात नव्हतं. बाबांना वाटलं, अभ्यासाचा ताण आहे, त्यांनी कोकमाचं सार करून दिलं. खरं लिहिलं आणि सरांनी उत्तर चूक धरलं, तर? त्यांच्याकडे काय नोट्स असतील? त्यांचं मूळ पान खरं असेल की त्यांनाही आता तिरकं पानच बरोबर वाटत असेल? ज्यांना चांगले गुण मिळाले त्या सगळ्यांनी तिरकं पानच लिहिलं होतं, एवढं मात्र कव्हरच्या आत स्पष्ट दिसत होतं. बाबांना सांगावं असं रोज वाटायचं. पण ते वाडीत जाईल त्याला सिनेटर सांगत फिरत होते. विहिरीवर, दुकानात, एसटीची वाट बघताना. तानीकाकी समोरून आल्या की मी वाट बदलायची.

पेपर सकाळी अकराला होता. प्रश्न तिसरा: यांच्या जीवनाचे व कारकिर्दीचे मूल्यमापन करा. खाली सिनेटरचं नाव. वर पंखा कुरकुरत होता, हवा काही येत नव्हती. मी जन्म लिहिला, वकिली लिहिली, तडजोडी लिहिल्या. मग कायदा आला आणि पेन थांबलं. किती वेळ थांबलं ते कळलं नाही. मी भानावर आले तेव्हा पर्यवेक्षक बाईंनी पुरवणी माझ्या बाकावर ठेवली होती आणि शेजारची मुलगी भराभर लिहीत होती. मला कॉलेजचा जिना दिसला. मी तिरकं पान लिहिलं. एक शब्द न गाळता, ठळक, सुवाच्य अक्षरात. सभागृहातलं ते वाक्य अवतरणचिन्हांत घातलं आणि शेवटी उद्गारचिन्हसुद्धा दिलं.

फाटकाबाहेर बाबा छत्री धरून उन्हात उभे होते. "आला काय तुजा सिनेटर?" त्यांनी लांबूनच विचारलं.

"आला."

"सगळा लिवलंस?"

"सगळं."

त्यांनी सरबताच्या गाडीवाल्याला सांगितलं की माझ्या पोरीने अमेरिका पालथी घातली. मी सरबत प्यायले आणि रस्त्याच्या कडेला ओकले. उन्हाने झालं असेल, असं सगळे म्हणाले.

गुण चांगले मिळाले. जूनमध्ये जागा मिळाली. रीतीप्रमाणे कव्हरच्या आत मी बारावं नाव लिहिलं, गुण लिहिले आणि नोट्स कुणाला न देता ट्रंकेच्या तळाशी टाकल्या. अभ्यासक्रम बदललाच होता, कुणी मागितल्या नाहीत. मी बारावीला शिकवते त्या पुस्तकात सिनेटर नाही, हे माझं नशीब. पण गावात तो दरवर्षी येत राहिला. दर जयंतीला बाबा उठून त्याची गोष्ट सांगतात. आता तिच्यात पाऊस आला आहे, घोडा आला आहे, राजीनामा भिजू नये म्हणून त्याने तो टोपीत ठेवला असंही आलं आहे. मी दरवर्षी तपासणीच्या कामाचं कारण काढून तिसऱ्या-चौथ्या ओळीत उशिरा येऊन बसते. तानीकाकी होत्या तोवर अधूनमधून विचारायच्या, "शोदलंस काय गो?" मी म्हणायचे, शोधतेय. पाच वर्षांपूर्वी त्या गेल्या. हॅना आणि आयझॅक ही दोन नावं मला पाठ होती आणि मी ती त्यांना सांगितली नाहीत.

कधी कधी त्या सिनेटरचा मला राग येत नाही, उलट भीती वाटते. मतदानाच्या सकाळी तो उठला असेल, खिडकीबाहेर बघितलं असेल, आणि त्याच्या पोटात खरंच दुखलं असेल. मला आता खात्री आहे की त्याचं पोट खरंच दुखत होतं. त्यामुळे काही बदलत नाही.

आजवर ही गोष्ट नुसती बोलण्यात होती. बोलणं विरून जातं, असं मी स्वतःला समजावत होते. आता ती छापून येणार, माझ्या नावाने, पोरं ती वाचणार, शाळेत भाषणात म्हणणार. परवाच्या रविवारी मी दोन पानं लिहून गावी गेले. त्यात सगळं खरं लिहिलं होतं. सिनेटरचं पोट, मृत्युपत्र, ती दोन नावं, तो दुसरा माणूस. नोट्सचं लिहिलं नव्हतं. पेपराचं तर नाहीच.

सकाळची नऊची वेळ असेल. बाबा पडवीत खुर्चीवर होते. मी वाचून दाखवलं. ऐकताना त्यांनी एकदाही मान हलवली नाही.

"म्हंजे सोडलान नाय?" शेवटी म्हणाले.

"नाही."

"येक पन मानूस?"

"एकपण नाही. मुलांना वाटून दिली."

ते अंगणाकडे वळले. मग म्हणाले, "ह्यां तुला कदी कळला?"

आत्ताच, असं म्हणणं किती सोपं होतं. नवीन पुस्तक आलं, असं सांगता आलं असतं. ते त्यांनी मानलंही असतं.

"परीक्षेच्या आधी," मी म्हटलं. "नऊ दिवस आधी."

"मग पेपरात काय लिवलंस?"

मी काही बोलले नाही. गोदीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला न बोललेलं बरोबर ऐकू येतं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत घातलाच नाही.

"बावीस वर्सां मी उबा रवून सांगतो," ते हळू म्हणाले. "बावीस वर्सां, बाय. आन तू मागं बसून आयकत हुतीस."

मी रडले. पन्नाशीला आलेली बाई, परकराच्या वयात रडायची तशीच. त्यांनी थांबवलं नाही.

"खरा लिवलं असतंस तर नोकरी गेली असती?" थोड्या वेळाने विचारलं.

"कदाचित."

"मी तुज्या जागी असतो तर मी पन ह्यांच लिवलं असतं."

मला एकदम हलकं वाटलं, आणि इतकं हलकं वाटलं याची लाजही वाटली.

"पन मी नाय लिवलंय," बाबा म्हणाले. "तू लिवलंस. तर त्या पानांत ह्यां पन घाल. तुजा नाव घालून."

"बाबा, स्मरणिका कॉलेजातसुद्धा जाईल. तिथे कळेल सगळ्यांना. बावीस वर्षं झाली, आता…"

"कळायला नको, तर छापायचा कशाला?"

ते उठले, आत गेले, आणि कमिटीच्या पोराला फोन लावून ओरडून सांगायला लागले, की बायचा लेख दोन पानां नाय, तीन पानां होनार हाय, जागा ठेव. मी पेनाचं टोपण काढलं. लिहायला लागले तर अक्षर डावीकडे कलत होतं. मी नवा कागद घेतला आणि सिनेटरच्या नावाच्या वर, पहिल्या ओळीत, माझं पूर्ण नाव लिहिलं.